टोमॅटोला वळण

टोमॅटो ही स्वभावाने जमिनीवर लोळणारी वेल आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, पेरू आणि इक्वेडोरच्या बाजूला, तिचे रानटी भाऊबंद आजही कोणाच्या आधाराशिवाय पसरलेले आढळतात. खोड मातीला टेकले की तिथेच मुळे फुटतात आणि वेल पुढे सरकते. काकडीला असतात ते तणावे टोमॅटोला नसतात आणि काही धरून वर चढण्याची हौसही नसते. उभे राहणे हा टोमॅटोच्या आयुष्याचा बेत नाही, तो माणसाचा आहे. माणसाला फळ चिखलाला न लागलेले हवे असते आणि ते तोडताना वाकायला नको असते. शहरातल्या माणसाकडे तर वेलीला लोळायला देण्याइतकी जमीनही नसते. त्याच्याकडे चार फूट रुंदीची गॅलरी असते. तीत वॉशिंग मशीन असते, कपडे वाळत घालायचा स्टँड असतो आणि उरलेल्या जागेत रंगाची २० लिटरची रिकामी बादली असते. आडवे पडू पाहणाऱ्या वेलीला त्या बादलीत उभे करणे, उभे ठेवणे आणि उभ्या उभ्या तिच्याकडून काम करून घेणे, या सगळ्याला मिळून छाटणी व बांधणी म्हणतात.

छाटणीतला पहिला निर्णय म्हणजे छाटणी करायची की नाही. वाढीच्या दृष्टीने टोमॅटोचे दोन मोठे गट पडतात. अमर्यादित वाढणाऱ्या जातींत दर तीन पानांनंतर फुलांचा एक घोस येतो आणि झाड पुढे जात राहते. थंडी, रोग किंवा घरमालक यांपैकी कोणी आडवे येईपर्यंत ते थांबत नाही. मर्यादित वाढणाऱ्या जातींत घोसांमधली पाने कमी कमी होत जातात, शेवटी शेंड्यावरच घोस येतो आणि उंची तिथे संपते. हा दुसरा प्रकार एका जनुकातल्या बदलाने झाला. १९१४ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा बदल आपोआप घडलेला आढळला. पुढे जगभरच्या शेतीत, विशेषतः सॉस आणि केचपच्या कारखान्यांसाठी लावल्या जाणाऱ्या टोमॅटोत, तो पसरला. शास्त्रज्ञांनी या जनुकाला ‘सेल्फ प्रूनिंग’, म्हणजे स्वतःची छाटणी स्वतः करणारे, असे नाव दिले. अशा झाडाच्या बाजूच्या फांद्या खुडल्या तर ज्यांवर फळ यायचे त्याच फांद्या जातात. कात्री हातात आल्यावर हौशी बागायतदार सर्वांत आधी वळतो तो नेमका याच झाडाकडे, कारण ते झुडपासारखे दाट असते आणि दाट काही दिसले की माणसाला आवरावेसे वाटते.

जात पाकिटावरून ओळखावी असे पुस्तके सांगतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या टोमॅटो वाणांची नावे धनश्री, भाग्यश्री, राजश्री अशी आहेत. त्यांवरून एखाद्या सुखवस्तू घरातल्या तीन बहिणींचा अंदाज येतो, झाडाच्या उंचीचा येत नाही. शिवाय गॅलरीतली बरीचशी रोपे पाकिटातून आलेलीच नसतात. फ्रिजच्या तळच्या कप्प्यात विसरलेला टोमॅटो मऊ पडतो, तो टाकून देण्याचे धैर्य होत नाही, म्हणून कुंडीत दाबला जातो आणि दहा दिवसांनी तिथे पन्नासेक रोपांची गर्दी उगवते. काही रोपे तुळशीच्या कुंडीत कोणी न लावता येतात आणि तिथे उगवली म्हणून त्यांना उपटायला कोणी धजत नाही. बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित वाणाचा असतो. त्याच्या बियांची पुढची पिढी आईबापांचे गुण नव्याने वाटून घेते, त्यामुळे एकाच फळातून निघालेली दोन रोपे वेगवेगळ्या उंचीला थांबू शकतात. अशा वेळी जात शोधत न बसता पाने मोजावीत. दोन घोसांच्या मध्ये सातत्याने तीन पाने दिसली तर झाड अमर्यादित वाढणारे. एक-दोनच दिसली आणि शेंड्यावर फुले आली तर मर्यादित, आणि मग कात्री परत स्वयंपाकघरात ठेवावी. पुढचे विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे आहे.

पान जिथे खोडाला मिळते त्या बेचक्यातून निघणाऱ्या फुटव्याला बगलफूट म्हणतात. छाटणीचे निम्मे शास्त्र बगलफुटीत आहे आणि घरातली जवळजवळ सगळी भांडणेही तिच्यावरूनच होतात. टोमॅटोची वाढ मुळात फसवी आहे. रोपाला सात ते अकरा पाने आली की मूळ खोड फुलांच्या घोसात संपते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिथे त्याचा कारभार आटोपलेला असतो. पण त्या घोसाच्या लगत खालच्या पानाच्या बगलेतला फुटवा जोराने वर येतो, घोसाला बाजूला सारतो आणि आपणच पहिल्यापासून मुख्य खोड होतो अशा थाटात सरळ उभा राहतो. तीन पानांनी तोही घोसात संपतो आणि त्याच्या बगलेतला पुढचा त्याची जागा घेतो. काका-पुतण्यांच्या राजकारणात वाढलेल्या महाराष्ट्राला ही रचना जास्त समजावून सांगावी लागत नाही. तात्पर्य, माळी ज्याला मुख्य खोड म्हणून जपतो ती एकावर एक चढलेल्या बगलफुटींची रांग असते आणि ज्यांना उपटतो त्या त्याच घराण्यातल्या, फक्त संधी न मिळालेल्या.

या रचनेमुळे ओळखीची एक सोपी खूण मिळते. बगलफूट नेहमी बेचक्यातून निघते, तर फुलांचा घोस बाजूला सारला गेल्यामुळे दोन पानांच्या मधल्या कोऱ्या खोडातून निघाल्यासारखा दिसतो. नवशिक्याच्या हातून बगलफूट राहते आणि घोस खुडला जातो. बगलफुटीला लहानपणापासून छोटी छोटी पाने असतात, घोसाला कळ्यांचे मणी असतात. तिसरी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात शेंडाच खुडणे. मग खोडाच्या टोकाकडून येणारे ऑक्झिन हे संप्रेरक थांबते. खालच्या बगलांना दाबून ठेवणाऱ्या कारणांत त्याचाही वाटा असतो. आठवड्याभरात प्रत्येक बेचक्यातून एकेक उमेदवार उभा राहतो.

बगलफूट दोन इंचांची असताना काढावी. अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवली की ती कट्कन मोडते आणि जखम लहान राहते. वेळ सकाळची, पाने कोरडी आणि दिवस उन्हाचा असावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत जखम सुकते. सततच्या पावसात हे काम करू नये, कारण ओल्या जखमेतून रोग आत शिरतात. नियम एवढाच आहे आणि तो पाळला जात नाही याचे कारण झाडात नसून घरात आहे. पहिल्या दिवशी घरातले कोणीतरी म्हणते, “राहू दे, इतकी तरतरीत आहे, तिलाही फळ येईल की!” हे म्हणणे खरे आहे. तिला फळ येते. तिलाही बगला असतात आणि त्यांनाही फळ येण्याची शक्यता नाकारता येत नाही. ऑक्टोबरच्या उबेत दहा-बारा दिवसांत ती फांदी करंगळीएवढी जाड होते. आता ती काढायची तर सिकेटर लागतो, जखम मोठी होते आणि तोवर तिच्यावर कळी आलेली असते. कळी आलेली फांदी कापणे हे मराठी घरात जवळजवळ निषिद्ध आहे. शनिवारी सोसायटीतले जाणकार काका येतात, एकंदर जंगल पाहून ‘च्’ असा आवाज काढतात आणि परवानगी न घेता खुडायला सुरुवात करतात. असे काका प्रत्येक सोसायटीत एक असतात आणि त्यांच्या स्वतःच्या गॅलरीत सहसा फक्त मनीप्लांट असतो.

किती खोडे ठेवावीत याबद्दल मतभेद आहेत, पण हिशेब सरळ आहे. एका खोडावर वाढवलेले झाड कमी फळे देते, मात्र ती मोठी असतात आणि लवकर येतात. अजिबात न छाटलेले झाड एकूण वजनाने जास्त देते, पण उशिरा आणि लहान लहान. २० लिटरच्या बादलीला दोन खोडे झेपतात. दुसरे खोड निवडायचे तर पहिल्या घोसाच्या लगत खालची बगलफूट ठेवावी, कारण सगळ्यांत जोमदार तीच असते. तिसऱ्या खोडाचा मोह मुळांच्या मापाने आवरावा. वर दिसते ते सगळे खालच्या बादलीतल्या मातीलाच पोसायचे असते. पाण्यात खंड पडला की मातीत चुना असूनही कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि फळ बुडाला काळे पडते. त्यानंतर घरात अंड्याची टरफले साठवली जातात. ती कुजून कॅल्शियम सुटे होईपर्यंत झाडाचा हंगाम संपलेला असतो.

खुडणाऱ्याच्या हातांचेही काही होते. टोमॅटोच्या खोडापानांवर बारीक ग्रंथियुक्त केस असतात. ते फुटले की बोटांवर चिकट पिवळट-हिरवा थर बसतो आणि थोड्या वेळाने तो काळा दिसू लागतो. साबण लावला की फेस पिवळा निघतो, दुसऱ्यांदा लावला तरी पिवळाच. उरलेला रंग टॉवेलवर जातो आणि टॉवेल कोणी पुसायला घेतला याची चौकशी होते. हा थर किडीला दूर ठेवण्यासाठी असतो. घरच्यांनाही तो काही काळ दूर ठेवतो.

पण झाडाच्या दृष्टीने हातावरून येणारे संकट उलट दिशेने जाते. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले आहेत. वांगे, बटाटा, मिरची आणि धोतराही त्याच कुळातले. तंबाखूवर पडणारा मोझॅक हा रोग विज्ञानाच्या इतिहासात मानाचा आहे. १८९२ साली रशियात दिमित्री इवानोव्हस्की आणि १८९८ साली हॉलंडमध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी त्याच्यावर केलेल्या कामातून विषाणू नावाची वस्तू जगाला पहिल्यांदा कळली. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षे टिकतो आणि बोटांनी चोळलेल्या पानाच्या सूक्ष्म जखमेतून टोमॅटोत शिरतो. मग पानांवर फिकट-गडद हिरव्याची नक्षी उमटते आणि नवी पाने अरुंद होतात. ज्या प्रदेशात डाव्या तळहातावर चुना-तंबाखू मळून बार भरल्याशिवाय कुठल्याही कामाला हात लागत नाही, तिथे ही बाब गंभीर आहे. अनेक आधुनिक संकरित वाणांत या रोगाला प्रतिकार घातलेला असतो. तुळशीच्या कुंडीत उगवलेल्या रोपाची तशी हमी कोणी देत नाही. जाणकार काकांच्या खिशात पुडी असेल तर त्यांना आधी हात धुवायला पाठवावे. सांगणे अवघड वाटल्यास चहा द्यावा, म्हणजे ते आपणहून चूळ भरायला आत जातात. तेवढ्यात झाड भिंतीकडे वळवून ठेवता येते.

साय काढलेल्या दुधात हात आणि हत्यारे बुडवल्यास या विषाणूचा प्रसार कमी होतो असे आढळले आहे. घराघरांत झाडे कापायला दुधाची पिशवी कापायची कात्रीच वापरली जाते, पण त्यामागचे कारण हे नव्हे. वाळलेल्या चार थेंबांनी काम भागत नाही.

खालची पाने काढणे हा छाटणीचा दुसरा भाग. मातीला टेकलेल्या पानांवर पाणी घालताना शिंतोडे उडतात आणि त्यांतून करपा चढतो. म्हणून झाड दोन-अडीच फुटांचे झाले की पहिल्या घोसाखालची पाने एका वेळी दोन-तीन करून काढावीत. एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पाने कधीच काढू नयेत. इथे मात्र विलायती पुस्तके जपून वाचावी लागतात. ब्रिटनमध्ये ऊन ही दुर्मीळ वस्तू आहे. तिथे फळावर ऊन पडावे म्हणून पाने विरळ करतात आणि बाहेर लावलेल्या झाडाचा शेंडा चौथ्या घोसानंतर खुडतात, कारण पुढच्या घोसांना पिकण्याइतका उन्हाळा उरत नाही. तोच सल्ला मार्चमध्ये सोलापुरात पाळला तर फळे झाडावरच भाजतात. उन्हाच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. शिवाय पारा ३२ अंशांच्या वर राहिला की फळात लाल रंग देणारे लायकोपिन तयार होणे मंदावते. फळ पिकते, पण पिवळट-केशरीच राहते आणि घरात ‘अजून एक दिवस ठेवू’ म्हणत चार दिवस जातात. आपल्याकडे पान ही झाडाची छत्री आहे, तिला हात लावताना कंजूषपणा करावा. बगलफूट मुळातून न काढता तिची दोन पाने ठेवून फक्त टोक खुडण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेत ती मिसुरी राज्याच्या नावाने ओळखली जाते. फेब्रुवारीनंतर महाराष्ट्रात तीच सोयीची. तिच्यात सावली राहते आणि ‘कापू नका’ म्हणणारा पक्षही अर्धा समाधानी होतो.

आता बांधणी. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या टोमॅटोच्या पट्ट्यांत बांधणी ही खर्चाची मोठी बाब असते. ओळीत बांबू किंवा काठ्या रोवतात, त्यांवर तारा आडव्या ओढतात आणि प्रत्येक झाड सुतळीने तारेला घेतात. झाड वाढेल तशी बांधणी पुन्हा करावी लागते. नेदरलँड्समधल्या काचघरांत वरच्या तारेवरून दोरी सोडून एकच खोड तिच्याभोवती गुंडाळत नेतात. शेंडा छताला लागला की दोरी सैल करून सगळे झाड खाली घेतात आणि बाजूला सरकवतात. हंगामाच्या शेवटी खोड दहा मीटरहून लांब झालेले असते आणि त्याचा बराचसा भाग खाली जमिनीलगत आडवा असतो. म्हणजे एवढी यंत्रणा उभारूनही टोमॅटो शेवटी स्वतःला हवे तेच करतो.

गॅलरीत तार ओढता येत नाही, कारण तिच्यावर लगेच कपडे पडतात. म्हणून काठी. काठी रोप लावतानाच रोवावी, नंतर रोवल्यास मुळे तुटतात. प्रत्यक्षात रोप पहिल्यांदा कोसळते त्या दिवशी काठीचा शोध सुरू होतो. मच्छरदाणीचा दांडा, पडद्याची जुनी सळई, निकामी झाडूचा बांबू, प्लंबरने विसरलेला पाइप हे नेहमीचे उमेदवार. तुळशीच्या लग्नानंतर उरलेला ऊसही रोवला जातो. तो दिसतो चांगला, पण आठ दिवसांत वाळतो, मुंग्या आणतो आणि घरातल्या मुलाने वरचे पेर सोलून खाल्ल्यास आखूड पडतो. पाच फुटांची आणि अंगठ्याएवढी जाड काठी पुरते. भरलेले झाड आणि मातीत फक्त एक फूट गेलेली काठी यांची वाऱ्यात एकत्र पडण्याची प्रवृत्ती असते, म्हणून काठीचे वरचे टोक ग्रिलला बांधावे.

बांधायला सुती चिंध्या उत्तम. नायलॉनची बारीक दोरी खोड कापते. गाठ काठीशी घट्ट आणि खोडाशी सैल हवी. त्यासाठी इंग्रजी आठच्या आकड्याचा फास देतात, एका घरात काठी आणि दुसऱ्यात खोड. मराठी आठ काढल्यास झाड सुटते. घोसाच्या लगेच खाली बांधू नये, फळे भरली की देठ गाठीवर दाबला जातो. झाड दर आठवड्याला अर्धा फूट वाढते आणि तितक्याच वेळा गाठ लागते. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर काठीवर जुन्या साडीचा काठ, पोराच्या शाळेच्या टायचा तुकडा आणि मिठाईच्या खोक्याची सोनेरी रिबन असा घरातला बराच इतिहास लटकलेला असतो.

ग्रिलचा आधार सर्वांत मजबूत, पण त्यात एक कायदेशीर अडचण आहे. टोमॅटो प्रकाशाकडे वळतो आणि प्रकाश ग्रिलच्या बाहेर असतो. शेंडा एकदा गजांमधून बाहेर गेला की आठवड्याने परत आत घेता येत नाही. मग फुले बाहेर, फळे बाहेर आणि मुळे व खर्च आत अशी वाटणी होते. पिकलेले फळ खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडल्यास त्याच्या मालकीबद्दल वाद होत नाही, जबाबदारीबद्दल होतो. शेंडा अर्ध्या फुटाचा असतानाच आत वळवून बांधावा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला तेव्हा ग्रिलबाहेरच्या फळांकडे खालून पाहणाऱ्यांची संख्या वाढल्याचे सहज समजण्यासारखे आहे.

बांधलेल्या झाडाला वारा कमी लागतो, आणि काचा लावलेल्या बंद गॅलरीत तर लागतच नाही. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण पराग सुटायला ते हलावे लागते. काही भुंगे अंगाची थरथर करून हे काम करतात, मधमाशीला ती थरथर जमत नाही. सकाळी दहाच्या सुमारास घोसाला टिचकी मारली की काम होते. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला टेकवला तरी चालतो, फक्त तो कोणाचा हे आधी पाहावे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर टिचकी, ब्रश आणि प्रार्थना तिन्ही निरुपयोगी ठरतात, पराग निकामी होतो आणि फुले गळतात.

यावरूनच शेवटच्या छाटणीची वेळ ठरते. थंड देशांत ती हिमाच्या भीतीने करतात, इथे उन्हाच्या. हिवाळी पिकाचा शेंडा मार्चच्या सुमारास, सर्वांत वरच्या धरलेल्या घोसाच्या पुढे दोन पाने ठेवून खुडावा. त्यानंतर येणारी फुले धरणार नसतात आणि झाडाची उरलेली ताकद हिरव्या फळांना मिळते. उशिरा खुडलेल्या बगलफुटी फेकू नयेत. पाण्याच्या ग्लासात ठेवल्यास आठवड्या-दीड आठवड्यात त्यांना मुळे फुटतात आणि नवी रोपे मिळतात. ही रोपे शेजारी देण्याची पद्धत आहे. पहिल्या वर्षी शेजारी आनंदाने घेतात. दुसऱ्या वर्षी “आमच्याकडे जागा नाही हो” म्हणतात, आणि तिसऱ्या वर्षी हातात ग्लास दिसला की लिफ्टऐवजी जिन्याने जातात.

पाने तळापासून वाळत आली की झाड मुळासकट काढावे. रोगट पाने कंपोस्टमध्ये टाकू नयेत. काठी धुऊन ठेवावी, चिंध्या फेकाव्यात, रिबन बहुधा कोणीतरी परत मागते. त्याच मातीत लगेच मिरची किंवा वांगे लावू नये, एका कुळाचे रोग त्याच कुळाची वाट पाहत असतात. त्याऐवजी मेथी पेरावी. तिची छाटणी एकदाच आणि मुळासकट करतात.